तिसरं बटण

जानेवारीत, मांडीवर माहितीपुस्तिका, हातात भिंग,
औनेनं रेडिओच्या चार बटणांवर मला भरून ठेवलं.
पहिलं : कुणी आहे का, कुणी आहे का.
दुसरं : आमची खूण, नुसती.
तिसरं : नाव रेइयो, बेट हाइलुओतो,
इथे बर्फ, उणे अकरा, वारा उत्तरेचा.
चौथं : आभार, आणि त्र्याहत्तर,
हा आमच्या जमातीत निरोपाचा आकडा.

चर्चच्या जमाखर्चात तिची एकतीस वर्षं गेली.
एकच गोष्ट दोनदा लिहिणं तिला पाप वाटतं.
"रोज तेच तर बडवतोस," म्हणाली,
"मग बोटं कशाला झिजवायची?"

मी बोललो नाही काही.
माझ्या अंगठ्याला बर्फ चावला त्याला बावीस वर्षं झाली.
तेव्हापासून माझा लांब ठोका
जरा जास्तच लांबतो,
दारापाशी येऊन कुणी
आत यावं की नको असं घुटमळावं, तसा.
कड कट्ट, कड… कट्ट.
त्यावरून मला माणसं ओळखतात.
बटणाला अंगठा नसतो.

पण खोटं कशाला बोलू.
फेब्रुवारीत दक्षिणेकडचं एक बेट हवेत आलं,
पेंग्विन, तंबू आणि चार माणसं,
आणि साऱ्या जगाचा त्यांच्यावर गलका.
मी दीड तास चकती फिरवत होतो,
केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे,
गलक्यात कुठे फट सापडते का बघत,
माझा अंगठा प्रत्येक वेळी अर्ध्या ठोक्यानं उशिरा.
औनेनं विणकाम खाली ठेवलं, वाकली,
दुसरं दाबलं. एकदाच.
"आलं बघ उत्तर," म्हणाली,
आणि बत्तिसाव्या टाक्यापासून पुढे मोजू लागली.

मार्चमधल्या त्या हिरव्या रात्रीचं मात्र
मी तिला अजून ऐकवतो.
आभाळ पेटलं होतं, ठोका ठोका राहिला नव्हता,
नुसती फुस्स, फुस्स,
ओल्या लाकडानं चुलीत करावी तशी.
बटणं आपली चोख, भराभर, कुणालाच न कळणारी.
मी खुंट्या सैल सोडल्या, वेग अर्ध्यावर आणला,
आणि एकेक अक्षर
म्हाताऱ्याला जिना उतरवावा तसं खाली आणलं.
ती दारात उभी होती, दात घासायचा ब्रश तोंडात.
काही म्हणाली नाही.
म्हणजे माझ्या हिशेबात एक-एक.

मग जून. रात्री बारालाही ऊन,
बोटीच्या शेडवर समुद्रपक्ष्यांची भांडणं.
पायसांदूचा ओलेगारियो आला, मधमाश्या पाळतो तो.
मी पहिलं दाबलं होतं, तिसरं दाबलं, कॉफी ओतायला वळलो.
तो म्हणाला : इथे हिवाळा, संत्र्यांवर दहिवर.
तुमच्याकडे अजून बर्फ? अजून उणे अकरा?
आणि हा इतका चोख कोण बोलतोय,
रेइयो कुठे गेला?

पाट्या टाकत होतं बटण, पाच महिने,
आणि माझ्या नावानं.

औने हसली ती टेबल धरून.
मग तिसरं पुसून टाकलं.
पुन्हा भरलं नाही, काढूही दिलं नाही,
"तीन राहू देत," म्हणाली,
"हवामान तेवढं तू बघ."

ऑगस्टमध्ये, सवयीनं, बोट तिसऱ्यावरच गेलं.
काहीच गेलं नाही.
तेरा हजार किलोमीटरवर ओलेगारियो
कान लावून बसलेला, आणि मी
हात चावीवर ठेवून खिडकीतून पाहत.
बाहेर औने वाफ्यात ओणवी, कोपरापर्यंत माती,
बादलीत बटाटे, बादलीच्या काठावर एक पक्षी,
तिला अजून कळलेला नाही.
वारा नाही.
एवढं सगळं मी बडवलं,
एक अक्षर चुकलं, ते परत बडवलं.

बराच वेळ खरखर.
मग त्यानं विचारलं : बटाटे कुठल्या जातीचे?

मला माहीत नव्हतं.
थांब, म्हणालो त्याला,
आणि खिडकी उघडायला उठलो.